पाणी कोण बदलणार? घरातल्या मत्स्यालयाचा थोडा इतिहास

मागच्या रमजान ईदला माझा भाचा पुण्याहून आला तो एक नकाशा घेऊनच. सोलापुरात आपाच्या घरावर वरचा मजला चढतो आहे. त्यातली दहा बाय अकराची एक खोली त्याने स्वतःसाठी मागून घेतली आहे. झोपायला नाही, कामाला नाही. एका भिंतीला माशांच्या तीन टाक्या, समोरच्या भिंतीला हिरव्या इग्वानाचा मोठा पिंजरा आणि खिडकीखाली कासवांसाठी छोटा हौद. शीरखुर्म्याची वाटी बाजूला सारून त्याने कागद माझ्यापुढे पसरला. "खाला, तुम्ही इतकं वाचता. पूर्वी लोक घरात अशी खोली कशी करायचे, ते शोधून द्या ना."

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आपाचा आवाज आला, "आणि पाणी कोण बदलणार?"

भाचा हसला. मीही हसले. प्रश्न तिथेच राहिला. तो शनिवार-रविवारी घरी येणार, बाकीचे पाच दिवस घरात आपाच असणार, हे तिघांनाही कळत होते.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. प्राणिशास्त्र हा माझा विषय नाही. पण भाच्याने विचारले म्हणून वाचायला घेतले आणि दोन महिने त्यातून बाहेर पडता आले नाही. त्याचे कारण आमच्या जुन्या घरात आहे, ते आधी सांगते.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. अब्बांनी बाजारातून एक कासव आणले होते. पाठीवर काळ्या-पिवळ्या चांदण्यांची नक्षी. घरात असे कासव असले की बरकत येते, असे कुणीतरी त्यांना सांगितले होते. आमचे घर दोन खोल्यांचे, अंधारे. कासव पलंगाखाली राहायचे. आम्ही त्याला दुधात भिजवलेली चपाती द्यायचो, कधी भात. ते खायचे, म्हणून आम्हाला वाटायचे की ते खुशीत आहे. वर्षभराने त्याची पाठ बोटाने दाबली की किंचित दबायला लागली. मला ती गंमत वाटली. मी मैत्रिणींना बोलावून दाखवलीही. नंतर ते पाय ओढत चालू लागले आणि एका सकाळी हललेच नाही. अम्मीने परसात खड्डा खणून पुरले. आम्ही रडलो आणि विसरलो. त्याला काय झाले होते, ते मला पस्तीस वर्षांनी कळले. लंडनमधल्या एका आजारी बाईची हकिगत वाचताना. तिच्याकडे शेवटी येते.

माणसाने मासे पाळणे जुनेच आहे. चीनमध्ये सोनेरी मासे आधी तळ्यांत पाळले जात, मग चिनी मातीच्या भांड्यांतून ते घरात आले. १५९६ साली तर तिथे अशा माशांच्या निगेवर एक ग्रंथही लिहिला गेला. पण भांड्यातला मासा आपण वरून पाहतो. बाजूने, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून पाहायला काच लागते. आणि काचेत कोंडलेले पाणी चार दिवसांत घाण होते. ते जिवंत कसे ठेवायचे, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात तुकड्यातुकड्यांनी सापडले.

पहिला तुकडा एका शिवणकाम करणाऱ्या मुलीकडून आला. जान व्हिलप्रू ही १७९४ साली फ्रान्सच्या एका खेड्यात जन्मली. पॅरिसमध्ये ती कपडे शिवायची. १८१६ साली तिथल्या राजघराण्यातल्या एका लग्नाच्या पोशाखावर तिने काम केले. पुढे पॉवर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याशी तिचे लग्न झाले आणि ती सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात राहायला गेली. तिथल्या समुद्रात अर्गोनॉट नावाचा आठ पायांचा जीव मिळतो. त्याची मादी पातळ, कागदासारख्या शिंपल्यात राहते. हा शिंपला ती स्वतः बनवते की दुसऱ्या कुणाचा बळकावते, यावर विद्वानांचा वाद होता. मेलेले नमुने पाहून तो मिटणार नव्हता. जानने काचेच्या टाक्या करवून घेतल्या, समुद्रात बुडवून ठेवायचे पिंजरे बनवले आणि जिवंत अर्गोनॉट पाहत बसली. शिंपल्याचा तुकडा तिने मोडला, तर मादीने तो स्वतः दुरुस्त केला. वाद मिटला. प्राणी अभ्यासण्यासाठी काचेची टाकी वापरण्याचे श्रेय आज तिला देतात. ज्या बोटांना बारीक टाके घालायची सवय होती, त्यांनाच इतकी सबुरी जमली असेल, असे मला वाटते.

दुसरा तुकडा लंडनच्या धुरात सापडला. नॅथानिएल वॉर्ड हे तिथल्या गरीब वस्तीतले डॉक्टर. त्यांना नेचे लावायचा शौक होता, पण कोळशाच्या धुराने रोपे जळून जायची. १८२९च्या सुमारास त्यांनी पतंगाचा एक कोष ओलसर मातीत ठेवून, झाकण लावलेल्या काचेच्या बाटलीत जपला. काही दिवसांनी त्या मातीतून नेचा आणि गवत उगवले. दिवसा मातीतली वाफ काचेवर जमायची आणि थेंब होऊन पुन्हा मातीत यायची. बाहेरून पाणी घालावेच लागत नव्हते. त्यांनी तशा काचेच्या पेट्या बनवल्या आणि १८४२ साली त्यावर पुस्तक लिहिले. अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्युनने चीनमधली चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याशी पोचवली. म्हणजे आपल्या हातातल्या चहाच्या कपाचा आणि भाच्याच्या नकाशातल्या काचेच्या पिंजऱ्याचा पूर्वज एकच आहे.

तिसरा तुकडा ॲना थिन या बाईचा, आणि इथे मी थबकले. तिचा नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या मोठ्या चर्चमध्ये पदाधिकारी होता. १८४६ साली ती टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घेऊन आली. समुद्र दूर, रोज नवे खारे पाणी कुठून आणणार? तिने जुन्याच पाण्यात हवा मिसळायचे ठरवले. उघड्या खिडकीपाशी उभे राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचे, पुन्हा पहिल्यात ओतायचे. एका वेळी अर्धा-पाऊण तास. प्रवाळ जगले. पुढे तिने पाण्यात समुद्री वनस्पतीही ठेवल्या आणि तिची टाकी काही वर्षे टिकली.

पण पाणी ओतायचे कोण? ॲना थिनने ते स्वतःच लिहून ठेवले आहे. काम थकवणारे होते, पण घरात एक छोटी मोलकरीण होती, तिला मालकिणीला खूश करायचे होते आणि हे काम तिला मजेचे वाटायचे. इतकेच. त्या पोरीचे नाव तिने लिहिलेले नाही. आज आपल्या टाकीत प्लगला लावलेला एअर पंप बुडबुडे सोडतो, तेच काम ती मुलगी लंडनच्या थंडीत उघड्या खिडकीपाशी हातांनी करत होती. तिला खरोखर मजा वाटायची का, हे तिला कुणी विचारले असेल असे वाटत नाही. हे वाचले आणि मला आपाचा स्वयंपाकघरातला आवाज आठवला.

चौथा तुकडा रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाचा. १८४९ साली त्याने एका टाकीत दोन छोटे सोनेरी मासे सोडले आणि व्हॅलिसनेरिया नावाचे पाणगवत लावले. गवत प्राणवायू देईल आणि मासे जगतील, असा हिशेब होता. पण गवताची जुनी पाने कुजली आणि पाणी गढूळ झाले. मग त्याने पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने खाल्ली, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांना खायला मिळाली. मासा, गवत आणि गोगलगाय, तिघांनी मिळून घर सांभाळले. पुढच्या वर्षी त्याने हे प्रसिद्ध केले. आजही टाकीचे गणित मुळात हेच आहे. फक्त डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्यात मोठा वाटा उचलतात, हे नंतर कळले. म्हणूनच नव्या टाकीत पहिल्याच दिवशी मासे सोडले तर बहुतेकदा मरतात. जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात.

एव्हाना इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस या निसर्ग अभ्यासकाचे 'द अक्वेरियम' हे पुस्तक आले आणि हा शब्द घरोघरी पोचला. लॅटिनमध्ये या शब्दाचा जुना अर्थ गुरांना पाणी पाजायची जागा असा होता. आता तो दिवाणखान्याची शोभा झाला. समुद्रकिनारी सहलीला जावे, खडकांतल्या डबक्यांतून जीव गोळा करावेत आणि घरी काचेत मांडावेत, अशी लाटच आली.

त्या लाटेचे पुढे काय झाले, ते गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली आपल्या आठवणींत लिहिले. ज्या डबक्यांत लहानपणी वडिलांचे बोट धरून त्याने रंगीबेरंगी जीव पाहिले होते, ती हौशी लोकांनी ओरबाडून नेली. वडिलांना त्याचे दुःख होते, कारण लोकांना ती वाट दाखवली होती त्यांच्याच पुस्तकांनी. एका अत्यंत धार्मिक, सज्जन माणसाने खुदाची कारागिरी लोकांना दिसावी म्हणून लिहिले आणि तीच कारागिरी उजाड झाली. घरी आणलेले बहुतेक जीव काही दिवसांतच मेले असणार. ती मुलगी पाणी ओतायची तसे सगळ्यांच्या घरी कोण ओतणार होते?

सरपटणाऱ्या प्राण्यांचे शिक्षण याहून उशिरा झाले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्यांच्यासाठी वेगळे घर १८४९ सालीच उघडले होते. १८९७ साली ग्रेगरी बेटमन या पाद्र्याने घरी असे जीव ठेवण्यासाठी 'द व्हिव्हेरियम' हे मार्गदर्शक पुस्तक काढले. म्हणजे भाच्याच्या डोक्यातली खोली सव्वाशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी घरी होती. पण साप, सरडा, कासव यांचे शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करत नाही. ऊन लागले की ते सावलीत जातात, थंडी वाजली की उन्हात येतात. सगळा पिंजरा सारखाच गरम केला तर त्यांना निवड उरत नाही. आणि ऊन म्हणजे नुसती ऊब नव्हे, हे तर तेव्हा फारसे कुणाला ठाऊक नव्हते.

आता त्या आजारी बाईकडे येते. जोन बोशम प्रॉक्टर, जन्म १८९७. लहानपणापासून पोटाच्या दुखण्याने बेजार, सारखी अंथरुणाला खिळलेली. त्यामुळे केंब्रिजला शिकायला जाणे राहिले. पण तिला सरडे आणि साप यांचे वेड होते. सोळाव्या वर्षी तिने मगरीचे पिल्लू पाळले होते आणि ते शाळेतही नेले होते. पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये काम करत ती शिकली आणि १९२३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रमुख झाली. १९२७ साली उघडलेले तिथले नवे सर्पगृह तिच्या कल्पनेतून उभे राहिले.

त्या इमारतीत तिने काय केले? प्रत्येक पिंजऱ्यात एक जागा गरम आणि दुसरी गार ठेवली. प्राण्याने आपली जागा आपण निवडावी. विजेने तापणारे खडक ठेवले. पिंजरे उजेडात आणि पाहणारे लोक अंधाऱ्या मार्गिकेत ठेवले. आणि सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आत यावेत म्हणून खास काच वापरली. साध्या खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. ते मिळाले नाहीत तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेला चुना हाडांत उतरत नाही. लहान मुलांचा मुडदूस अतिनील दिव्याने बरा होतो, हे जर्मनीत १९१९ सालीच दाखवले गेले होते. प्रॉक्टरने माणसाच्या मुलांवरचा हा इलाज सरड्या-कासवांच्या घरात नेला. १९३१ साली, अवघ्या चौतीसाव्या वर्षी ती गेली. जिचे स्वतःचे शरीर तिला साथ देत नव्हते, तिने दुसऱ्यांच्या शरीराला काय हवे ते ओळखले.

हे वाचले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी पुस्तक मिटले. पलंगाखालचा अंधार, दुधातली चपाती, बोटाखाली दबणारी पाठ. मुडदूसच तो. कासवाची पाठ हाडाचीच असते. त्याला ऊन, गवत, पाला आणि चुना हवा होता. आमच्या अज्ञानाला साठ वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेले होते, ते आमच्या घरापर्यंत आले नव्हते. अब्बांना मी दोष देत नाही. त्यांनी प्रेमानेच आणले होते. पण प्रेमाने त्याची हाडे घट्ट झाली नाहीत.

आपल्याकडे या विषयावर दोन हदीस नेहमी सांगितल्या जातात. एक अबू उमैर या लहान मुलाची. त्याची पाळलेली चिमणी मेली, तेव्हा पैगंबरांनी (स.) मोठ्या मायेने तिची विचारपूस केली. घरात पाखरू पाळायला हरकत नाही, असे उलेमांनी यावरून म्हटले. दुसरी त्या बाईची, जिने मांजर डांबून ठेवली, खायला दिले नाही आणि स्वतःचे शोधून खायला सोडलेही नाही. तिला अजाब झाला. आपण पहिली हदीस शौकासाठी सांगतो आणि दुसरी फक्त मुलांना घाबरवायला. मला वाटते त्या दोन्ही एकत्रच वाचायच्या आहेत. परवानगी आहे, आणि ही तिची अट आहे.

शिवाय आता कायद्याचीही अट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा, म्हणजे अब्बांनी कासव आणले तेव्हाही तो होता. चांदण्यांचे ते कासव २०१९पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. ते घरात ठेवणे गुन्हा आहे, बरकत नव्हे. इग्वाना परदेशी असला तरी तोही साइट्सच्या यादीत असल्याने त्याची नोंदणी करावी लागते. दुकानात मिळणारी लाल पट्ट्याची हिरवी पिल्ले मूळची अमेरिकेतली. रुपयाएवढी दिसतात, पुढे फूटभर वाढतात आणि वीस-तीस वर्षे जगतात. कंटाळलेले लोक ती तळ्यात सोडतात आणि तिथली आपली कासवे मागे पडतात. त्यांच्यापासून लहान मुलांना साल्मोनेलाचा आजार होतो, म्हणून अमेरिकेने १९७५ सालीच चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

बकरी ईदला भाचा पुन्हा आला. मी त्याच्या नकाशाशेजारी माझा कागद ठेवला. त्यावर प्रश्नच होते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे एकशे नव्वद लिटर पाणी मावते, म्हणजे तेवढेच किलो वजन, शिवाय काच, वाळू आणि स्टँड. अशा तीन टाक्या एका भिंतीला मांडल्या तर खालचा स्लॅब कोणत्या तुळईवर आहे? पाणी उपसून टाकायला त्या खोलीत मोरी का नाही? नळ किती लांब? प्लगच्या वायरीवरून पाणी ओघळून बोर्डात जाणार नाही ना? बंद खोलीत दमट हवेने भिंतींना बुरशी येईल, तर हवा खेळायला काय? एप्रिल-मेमध्ये सोलापूर बेचाळीस अंशांवर जाते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी राहतो. त्यात दुपारी वीज गेली तर पंप कशावर चालणार? इग्वाना पाच-साडेपाच फुटांचा होतो, तो ह्या पिंजऱ्यात वळणार कसा? दिव्यातले अतिनील किरण दिवा चालू असतानाच हळूहळू कमी होत जातात, तो दर काही महिन्यांनी बदलायचे कोण लक्षात ठेवणार?

शेवटचा प्रश्न मी लिहिला नव्हता. तो आपाचा होता. मी फक्त लंडनच्या त्या मुलीची गोष्ट सांगितली. आपा दारात उभी राहून ऐकत होती. "नावसुद्धा नाही लिहिलं?" तिने विचारले. मी मान हलवली. भाचा बराच वेळ नकाशाकडे बघत बसला.

नंतर त्याने पेन घेतले. इग्वाना खोडला, कासवांचा हौद खोडला. तीन टाक्यांची एक केली आणि ती तुळईवर सरकवली. कोपऱ्यात एक मोरी काढली. पाणी बदलायचा दिवस रविवार, आणि ते तो स्वतः बदलणार, असे त्याने खाली लिहिले. आपाने ते वाचले आणि म्हणाली, "सही कर." त्याने केली.

लहानपणी शाळेच्या सहलीत मी मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. १९५१ साली सुरू झालेली ती इमारत एका पारशी दात्याच्या देणगीतून उभी राहिली. अंधाऱ्या मार्गिकेत, काचेला नाक लावून मी बराच वेळ उभी होते. बाईंनी हात धरून ओढून नेले. ते कुतूहल वाईट होते असे मी म्हणणार नाही. भाच्याचेही नाही. पण काचेच्या पलीकडे एक जीव आहे, त्याच्यासाठी कुणाला तरी रोज उठून पाणी, ऊब आणि उजेड सांभाळावा लागतो, हे शिकायला माणसाला शंभर वर्षे लागली आणि त्याची किंमत असंख्य मुक्या जिवांनी भरली. त्यातला एक आमच्या परसात पुरला आहे.

स्लॅब पुढच्या महिन्यात पडणार आहे. टाकीत पाणी भरल्यावर भाच्याने पाच-सहा आठवडे एकही मासा सोडायचा नाही, असे आमचे ठरले आहे. रिकामी टाकी बघायला मी जाणार आहे, इन्शाअल्लाह.